निफाडच्या पहाटेची हवा ड्रोनने मोजायची असेल तर

थंडीची लाट आली की निफाडचा पारा राज्यभर बातमीत असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तो आकडा जाळीदार झडपांच्या पांढऱ्या पेटीतला असतो, आणि ती पेटी साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर असते. त्याच पहाटे त्याच जागी पन्नास-साठ मीटर वर किती तापमान होतं, हे मात्र कोणीच मोजलेलं नसतं. हवामान खात्याचे फुगे वरची हवा मोजतात, पण ते देशभरात पन्नासच्या आसपास ठिकाणांहून आणि दिवसातून दोनदाच सुटतात. आपल्याला जवळचे म्हणजे मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर. मधल्या सगळ्या पट्ट्यात वरची हवा कशी आहे, याचा हवामानाचं मॉडेल, म्हणजे अंदाज काढणारं संगणकावरचं गणित, अंदाजच बांधत असतं.

ही पोकळी छोट्या ड्रोनने थोडी तरी भरता येते. नाशिक-निफाड भागातले विज्ञानाचे विद्यार्थी, कृषी पदवीधर आणि हौशी बागाईतदार, ज्यांनी आजवर ड्रोनने फार तर लग्नाचं शूटिंग पाहिलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. औषध फवारणीचे ड्रोन हा वेगळा विषय, तो इथे नाही.

आधी प्रश्न ठरवा, ड्रोन नंतर

‘हवामान मोजायचंय’ एवढ्यावर काम सुरू केलं की महिनाभरात मेमरी कार्ड भरतं आणि हाती काही लागत नाही. नवख्याने एकच प्रश्न घ्यावा. माझ्या मते या भागात सगळ्यात चांगला प्रश्न हिवाळ्यातल्या पहाटेच्या विपरीततेचा, म्हणजे इन्व्हर्जनचा आहे.

एरवी वर जाऊ तशी हवा थंड होते, दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उलटं होतं. जमीन आपली उष्णता आकाशात टाकून झपाट्याने गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते. गार हवा जड, म्हणून ती उतारावरून गोदावरी आणि कादवेच्या काठच्या सखल शिवारात येऊन साचते. तिच्या वर उबदार हवेचा थर झाकणासारखा राहतो. थंडीत भल्या पहाटे एखाद्या वस्तीवरच्या चुलीचा किंवा बागेतल्या शेकोटीचा धूर पाहा. सरळ वर जातो, एका उंचीवर अडतो आणि तिथून आडवा पसरत जातो. बागाईतदार द्राक्षाचे घड वाचवायला शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबक चालू ठेवतात, त्यातल्या शेकोटीचा उपयोग होतो तोही या झाकणामुळेच. झाकण खाली असेल तर ऊब बागेतच राहते, वर असेल तर ती पसरून विरते.

हा प्रश्न घ्यायला आणखी दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे मॉडेल इथेच जास्त चुकतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ पासून हवामान खात्याच्या वापरात आहे. अंदाजासाठी मॉडेल नकाशाचे चौकोन पाडतं, हिचा एक चौकोन सहा किलोमीटरचा. जगभरच्या मॉडेलांत ही फार बारीक चौकट समजतात, पण आपल्याकडे सहा किलोमीटरमध्ये नदीकाठचा मळा, मधली टेकडी आणि पलीकडचं माळरान असं सगळंच बसतं, आणि मॉडेल त्या सगळ्याला मिळून एकच तापमान देतं. शिवाय रात्रीच्या शांत, थराथराच्या हवेत किती मिसळण होते याचं गणित अजून कुणालाच नीट जमलेलं नाही. दुसरं कारण सोयीचं आहे. दुपारी जमिनीलगतचा ढवळलेला थर एक-दोन किलोमीटर उंच असतो, तिथे आपण पोचत नाही. पहाटे मात्र सगळा खेळ बहुधा पहिल्या शे-दोनशे मीटरमध्ये चालतो, आणि कायद्याने सहज मिळणारी उंची १२० मीटर आहे.

गारपीट आणि विजांचे ढग खुणावतात, मान्य. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

हे काम जगात कुठवर आलंय

१९९८ मध्ये एरोसोंड नावाच्या छोट्या हवामान-विमानाने मानवाविना अटलांटिक ओलांडला. २००६ च्या मार्चमध्ये हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांच्या गटाने मालदीवमध्ये तीन मानवरहित विमानं एकाच वेळी उडवली: एक प्रदूषणाच्या तपकिरी ढगाखाली, एक ढगात, एक वर. काजळीमुळे हवेचा तो थर किती तापतो हे त्यांना थेट मोजता आलं, आणि हवामानबदलाच्या मॉडेलांना आजवर अंदाजाने धरलेला एक आकडा प्रत्यक्ष मोजून मिळाला. २०२४ मध्ये जागतिक हवामान संघटनेने अनेक देशांना घेऊन ड्रोनच्या निरीक्षणांची मोठी चाचणी मोहीम राबवली. फुग्यांच्या जोडीला ड्रोन वापरण्याचा विचार आपल्या हवामान खात्यानेही २०२२ मध्ये बोलून दाखवला होता. यातलं कोणतंही काम निफाडच्या मळ्यात तसंच्या तसं होणार नाही. पण रामनाथन यांच्या प्रयोगातली एक गोष्ट जरूर उचला: कोणता आकडा हवा, हे त्यांनी विमान हवेत जाण्याआधी ठरवलं होतं.

परवानगीचं काम, नाशिकच्या हिशेबाने

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो आणि दोन ते पंचवीस किलो स्मॉल. वजन मोजताना वर लावलेला सेन्सर, काठी, पट्ट्या, बॅटरी सगळं धरायचं. नॅनोला सेन्सरचा भार पेलत नाही, म्हणून मायक्रोमध्ये राहा. धंद्यासाठी नसलेल्या मायक्रो उड्डाणाला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, हा मोठा फायदा. ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि तृतीय पक्ष विमाही लागतो. परदेशातून ड्रोन मागवण्याचा विचार सोडा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधनाची सवलत मिळते ती संस्थांना. सुटे भाग आणता येतात.

मान्यताप्राप्त शिक्षणसंस्था संशोधन आणि चाचणीसाठी स्वतःच्या आवारात किंवा ताब्यातल्या मोकळ्या जागेत, ग्रीन झोनमध्ये उडवत असेल तर तिला नियमांत बरीच सूट आहे. म्हणून कॉलेजात असाल तर काम कॉलेजच्या नावाने करा. विभागप्रमुखांच्या सहीचं एक पत्र पुढे बरेच प्रश्न वाचवतं.

आता जागा. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन संकेतस्थळावरच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे दिसतात. हिरव्यात ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी नको. त्यावर गेलात की पिवळा झोन, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या कड्यात तर २०० फुटांवरच पिवळा सुरू होतो. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. नाशिकमध्ये याला फार महत्त्व आहे, कारण इथे नाजूक जागांची दाटी आहे: ओझरचा विमानतळ, तिथला विमान कारखाना आणि हवाई दलाचा तळ, देवळाली छावणी आणि तोफखान्याची फायरिंग रेंज, गांधीनगरचा लष्करी विमानतळ, नाशिकरोडच्या नोटा आणि मुद्रांकांच्या छापखान्यांचा परिसर. निफाड गाव ओझरपासून हवाई अंतराने सुमारे वीस किलोमीटर आहे, त्यामुळे तिथे श्वास घ्यायला जागा आहे. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला सरकलात की विमानतळ जवळ येतो. ऐकीव माहितीवर जाऊ नका, उडवण्याच्या आदल्या संध्याकाळी स्वतः नकाशा उघडून पाहा.

नांदूर मध्यमेश्वरचं पाणी आणि काठ पूर्ण टाळा. ते पक्षी अभयारण्य आहे, शिवाय २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. आपल्या कामाचा हंगाम आणि पाहुण्या पक्ष्यांचा हंगाम एकच.

कागदावर न दिसणारी परवानगी गावाची असते. पहाटे डोक्यावर काही घरघरलं की चोरांनी टेहळणीला ड्रोन सोडला, ही अफवा तासाभरात चार गावं फिरते. आधी पोलिस पाटलांना भेटा, ग्रामपंचायतीत एक अर्ज द्या, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तारीख-वेळ टाकायला सांगा, जवळच्या पोलिस ठाण्यात पत्राची प्रत ठेवा. पोलिसांचे तात्पुरते ड्रोनबंदीचे आदेशही निघत असतात, तिथे ते कळतील. आणि ज्यांच्या मळ्यातून उडवणार त्या दादांना ड्रोन कशासाठी आहे ते नीट सांगा. त्यांच्या वडिलांना कोणत्या खोलगट भागात दव आधी गोठतं हे तीस वर्षांपासून ठाऊक असतं. पहिल्या उड्डाणाची जागा ठरवायला तेवढं पुरे.

सेन्सर: खरं काम इथे आहे

ड्रोन हे फक्त वाहन. तापमान आणि आर्द्रतेसाठी एसएचटी ३१ किंवा त्याच घराण्यातला वरचा सेन्सर घ्या. एसएचटी ३१ चा तापमानातला फरक साधारण ०.२ अंश आणि आर्द्रतेतला दोन टक्के असतो. बीएमई २८० स्वस्त आहे, सगळीकडे मिळतो, पण स्वतःच थोडा तापतो. तो हवेच्या दाबासाठी ठेवा, तापमानासाठी नको. आकडे नोंदवायला ईएसपी ३२ चा छोटा संगणक-बोर्ड आणि एसडी कार्ड पुरतं. दर सेकंदाला एक नोंद.

सेन्सर कुठे बसवायचा, यावर निम्मं यश ठरतं. मोटारी तापतात, बॅटरी तापते, उन्हात ड्रोनचं अंगही तापतं. पोटाला चिकटवलेला सेन्सर ड्रोनचंच तापमान मोजतो. पंखे हवा वरून ओढून खाली फेकतात, म्हणून सेन्सर ड्रोनच्या वर, पातळ काठीवर, पंख्यांच्या फिरण्यापासून नीट लांब बसवा. त्यावर दोन्ही बाजूंनी उघडी पांढरी नळी घाला, म्हणजे उगवतं ऊन थेट पडणार नाही आणि हवा मात्र खेळेल. काठी हलकी हवी. डोक्यावर भार वाढला की ड्रोन डोलतो. नवं काही बसवलं की आधी मोकळ्या पटांगणात, कमरेएवढ्या उंचीवर दोन-तीन मिनिटं तरंगत ठेवून पाहा.

उडवण्याआधी सेन्सर खरं बोलतो का ते तपासा. प्रयोगशाळा नसली तरी घरात जमतं. तापमानासाठी थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घ्या, सेन्सर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून त्यात बुडवा आणि दहा-पंधरा मिनिटं अधूनमधून हलवत राहा. शून्य दाखवायला हवं. ०.४ दाखवत असेल तर तो ०.४ लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक आकड्यातून वजा करा. आर्द्रतेसाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. बाटलीच्या बुचात मीठ भरून त्यात थेंब-थेंब पाणी घाला. मीठ ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळून पाणी व्हायला नको. ते बूच आणि सेन्सर डब्यात शेजारी-शेजारी ठेवा, वायर बाहेर काढलेली फट मेणाने किंवा कणकेने बुजवा आणि रात्रभर डबा तसाच राहू द्या. सकाळी डब्यातली आर्द्रता ७५ टक्के असते, मिठाचा तो गुणधर्मच आहे. सेन्सर ७९ सांगत असेल तर त्याची खोड कळली. ही तपासणी हंगामाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी करा. दव आणि धुळीने आर्द्रतेचे सेन्सर हळूहळू बिघडतात.

शक्य असेल तर एकाऐवजी दोन सेन्सर लावा. दोघांचं पटत असेपर्यंत निर्धास्त राहा, पटेनासं झालं की थांबून शोधा.

पहाटेचं उड्डाण

हवामानाची ठरलेली जागतिक वेळ भारतात सकाळी साडेपाचला येते, फुगेही त्याच सुमारास सुटतात. डिसेंबर-जानेवारीत तेव्हा मिट्ट काळोख असतो. ड्रोन डोळ्यांना दिसला पाहिजे, आणि अंधारात विजेच्या तारा, मांडवाच्या तारा, बांधावरची बाभूळ यातलं काहीच दिसत नाही. म्हणून नवख्याने नीट फटफटल्यावरच उडवावं. किमान तापमान सूर्योदयाच्या आसपासच असतं आणि ऊन चढेपर्यंत इन्व्हर्जन टिकतं, त्यामुळे फारसं काही हुकत नाही. ऊस लागून असेल तर एकट्याने जाऊ नका, बिबट्याची वेळ आणि आपली वेळ एकच असते. तसेही दोघे लागतातच: एकाचे डोळे ड्रोनवर, दुसरा वही धरून.

बॅटऱ्या थंडीत लवकर बसतात. उडवेपर्यंत त्या स्वेटरच्या आत ठेवा आणि बॅटरी तीस टक्क्यांवर येण्याआधी उतरायची सवय लावा. वर नेण्याआधी सेन्सर बाहेरच्या हवेत दहा मिनिटं राहू द्या, नाहीतर गाडीतली ऊब पहिल्या पन्नास मीटरच्या आकड्यांत उतरते. जमिनीवर तिपाईला एक साधं तापमापक सावलीत टांगा. ड्रोन त्याच्या शेजारी, त्याच उंचीवर मिनिटभर ठेवून दोन्ही आकडे लिहा.

मग सरळ वर, सेकंदाला एक मीटर. सेन्सरला नव्या हवेशी जुळवून घ्यायला काही सेकंद लागतात. पाच सेकंद लागत असतील आणि तुम्ही सेकंदाला चार मीटरने चढत असाल, तर वीस मीटर खालचं तापमान वरच्या उंचीच्या नावावर लिहिलं जातं. एका मीटरच्या वेगाने १२० मीटर दोन मिनिटांत होतात, घाई कशाला? वर दहा सेकंद थांबा आणि सावकाश उतरा. उतरतानाचे आकडे वेगळे ठेवा आणि हिशेबात धरू नका, कारण तेव्हा ड्रोन स्वतःच्याच पंख्यांनी ढवळलेल्या हवेतून येत असतो. अशी फेरी दर अर्ध्या तासाने, साडेनऊपर्यंत. इन्व्हर्जन खालून कसं विरत जातं, ते त्या फेऱ्यांमधून उलगडतं.

धुकं असेल तर उड्डाण रद्द. ड्रोन दिसणार नाही आणि सेन्सरही ओला होऊन शंभर टक्क्यांवर अडकून बसेल. संक्रांतीच्या आसपास येवल्याच्या बाजूला उडवायचा विचारही करू नका, तिथे तीन दिवस आकाश पतंगांचं असतं आणि मांजा प्रोपेलरला गुंडाळला की ड्रोन दगडासारखा खाली येतो. घारी ऊन तापल्यावर फिरू लागतात. एखादी भोवती घिरट्या घालू लागली तर फेरी सोडा आणि उतरा.

वहीत काय लिहायचं? वेळ, जागा, आकाशात ढग किती, वारा, दव पडलंय का, जवळ शेकोटी पेटली होती का, ठिबक चालू होतं का, धूर कोणत्या उंचीला आडवा झाला. शेकोटीची नोंद राहून गेली तर वीस मीटरवरचा दीड अंशाचा फुगवटा पुढे तुम्हाला छळेल.

आकडे घरी आल्यावर

उंची जीपीएसवरून घेऊ नका, उभ्या दिशेला ते काही मीटर सहज चुकतं. दाबावरून काढा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे. इथे दाब ९४५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि शंभर मीटरला साधारण ११ ने उतरतो. उड्डाणाआधीचा जमिनीवरचा दाब हा तुमचा शून्य.

सगळ्या वेळा जागतिक वेळेत बदला, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. मॉडेलच्या फायली त्याच वेळेत असतात. ही वजाबाकी विसरून सकाळी सातच्या आकड्यांची तुलना दुपारी साडेबाराच्या मॉडेलशी करणारे संशोधक दरवर्षी भेटतात.

मग तापमान आडव्या अक्षावर, उंची उभ्या अक्षावर. समजा, दोन मीटरवर ६ अंश, साठवर ११ आणि १२० वर ११.२ आले. म्हणजे झाकण साठच्या आसपास आहे. आता मॉडेल काय म्हणतं ते पाहा. सुरुवातीला ईआरए ५ घ्या. ही युरोपीय हवामान केंद्राची, मॉडेल आणि निरीक्षणं जुळवून बांधलेली १९४० पासूनची तासातासाची नोंद फुकट मिळते. तिचा चौकोन ३१ किलोमीटरचा आहे, त्यामुळे ती तुमच्या मळ्याशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा धरू नका. तिने पाच अंशांच्या जागी दोनच अंशांचा फरक दाखवला तर ती खोटी ठरत नाही, चौकोनाच्या आत काय हरवलं ते तुम्हाला कळतं. संगणकाचं अंग असलेल्याने पुढे डब्ल्यूआरएफ हे खुलं मॉडेल बारीक चौकटीवर चालवावं, जमिनीलगतच्या थराचं गणित करायच्या दोन-तीन वेगवेगळ्या पद्धती लावून कोणती तुमच्या आकड्यांजवळ जाते ते बघावं. एम.एस्सी.च्या प्रबंधाला एवढं काम भरपूर आहे.

जमिनीवरच्या आकड्यांच्या जोडीला महावेध या राज्याच्या प्रकल्पाची महसूल मंडळातली स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. इगतपुरीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रातल्या कृषी हवामान विभागाशी आधीच बोलून ठेवा. जिल्ह्याचा कृषी सल्ला तिथून निघतो, आणि कोणत्या गावचा अंदाज नेहमी फसतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

‘आमचे आकडे रोजच्या अंदाजात जातील का?’ हा प्रश्न हमखास येतो. लगेच नाही. त्यासाठी आकडे काही मिनिटांत, ठरलेल्या जागतिक मांडणीत, रोज आणि न चुकता पोचावे लागतात, आणि त्यांची चूक किती हे आधी सिद्ध करावं लागतं. पहिले एक-दोन हिवाळे मॉडेल तपासण्याचेच समजा. त्यासाठी मूळ फायली हात न लावता वेगळ्या ठेवा, दुरुस्त्या नेहमी दुसऱ्या प्रतीत करा, आणि बर्फ-मिठाच्या तपासणीचे आकडे प्रत्येक फायलीसोबत जोडा. पुण्यातल्या हवामानशास्त्रज्ञांकडे जाल तेव्हा आलेख उघडण्याआधी ते तपासणीचा कागद मागतील.

वारा मोजायचा असेल तर दुसऱ्या हंगामात. ड्रोन वाऱ्यात जागेवर राहायला जेवढा कलतो त्यावरून वाऱ्याचा वेग काढता येतो, पण त्यासाठी दहा मीटरच्या खांबावरच्या वाऱ्यामापकाशेजारी बऱ्याच वेळा तरंगत ठेवून त्याचं कोष्टक बांधावं लागतं. १२० मीटरच्या वर जायचं तर पिवळ्या झोनची परवानगी घ्यायला संस्थेचं नाव पाठीशी लागेल. तो अर्ज पावसाळ्यातच टाका, द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी उत्तर हातात असलं तर हिवाळा पूर्ण मिळतो.